बिघडलेली पत सावरून पहिली नवी गाडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाच वर्षांपूर्वी माझा क्रेडिट स्कोअर ५४७ होता. दोन क्रेडिट कार्डे थकलेली होती आणि एका वैयक्तिक कर्जाचे आठ हप्ते चुकले होते. वडिलांचे आजारपण आणि माझी गेलेली नोकरी एकाच वर्षात आली, त्याचा हा परिणाम. गेल्या वर्षी मी शोरूममधून माझी पहिली नवी गाडी स्वतः चालवत बाहेर काढली, तेव्हा स्कोअर ७६१ होता आणि कर्ज माझ्या एकटीच्या नावावर, जामीनदाराशिवाय मंजूर झाले होते.

तेव्हापासून ओळखीची माणसे मला तेच ते प्रश्न विचारतात. काही जण तर आवाज खाली करून विचारतात. त्या सगळ्यांसाठी उत्तरे एका जागी लिहून ठेवते आहे. एखादा नियम विशिष्ट देशाचा असेल तिथे देशाचे नाव दिले आहे. हिशोब एक लाखाच्या पटीत मांडले आहेत. चलन कुठलेही धरा, गणित बदलत नाही.

स्कोअर म्हणजे नेमके काय? तो माझ्या पगारावर ठरतो का?

नाही, पगाराचा त्यात हिशोबच नसतो. घेतलेले पैसे तुम्ही ठरल्या तारखेला परत केले का, एवढाच त्या आकड्याचा मुख्य विषय असतो. मोठा पगार असलेल्या माणसाचा स्कोअर रसातळाला गेलेला असू शकतो आणि बेताच्या कमाईच्या माणसाचा उत्तम असू शकतो.

या पद्धतीची मुळे अमेरिकेत आहेत. अभियंता बिल फेअर आणि गणिती अर्ल आयझॅक यांनी १९५६ साली कंपनी काढली, तीच आजची फायको, आणि तिचा सर्वसाधारण वापराचा फायको स्कोअर १९८९ मध्ये आला. तो ३०० ते ८५० या मापावर असतो. कंपनीने वजने जाहीर केली आहेत : परतफेडीचा इतिहास ३५ टक्के, किती रक्कम देणे आहे ३० टक्के, खात्यांचे वय १५ टक्के, नवी कर्जे १० टक्के आणि कर्जांचे प्रकार १० टक्के. भारतात सिबिल या पतमाहिती संस्थेची, म्हणजे लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेची, स्थापना २००० साली झाली आणि तिचे माप ३०० ते ९०० आहे. लोक आता स्कोअरलाच ‘सिबिल’ म्हणतात, पण तिथे एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा आणखी तीन संस्था आहेत. चौघींचे आकडे एकमेकींशी जुळतीलच असे नाही, त्यामुळे दहा-वीस गुणांच्या फरकाने घाबरू नका.

सूत्रे देशोदेशी वेगळी असली तरी पहिले दोन घटक सगळीकडे जड असतात. वेळेवर भरणे आणि देणे कमी ठेवणे यांतच निम्म्याहून जास्त काम होते.

सुरुवात कुठून करायची?

स्वतःचा पतअहवाल मागवण्यापासून. नुसता आकडा पाहून उपयोग नाही, आतली पाने वाचायची. भारतात प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. अमेरिकेत तिथल्या तिन्ही मोठ्या पतमाहिती संस्थांचे अहवाल आठवड्यातून एकदा मोफत पाहता येतात.

मी अहवाल उघडायलाच चार महिने लावले. बघितले नाही तर ते नाही, असे मनाशी धरून बसले होते. शेवटी एका रविवारी छापून घेतला आणि पेन्सिल घेऊन बसले. प्रत्येक खात्यापुढे महिन्यांची रांग असते आणि हप्ता किती दिवस उशिरा आला ते प्रत्येक महिन्याखाली लिहिलेले असते. भारतीय अहवालात याला ‘डीपीडी’ म्हणतात. शून्य म्हणजे वेळेवर. माझ्या रांगेत शून्ये, मग ३०, ६०, ९० आणि पुढे चढत गेलेले आकडे होते. ती रांग वाचताना रडू आले, हे लपवत नाही. पण नक्की किती देणे आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा एका कागदावर आले.

त्याच अहवालात एक चूकही सापडली. वस्तू खरेदीसाठी घेतलेले एक छोटे कर्ज मी कधीच फेडले होते, तरी ते चालू आणि थकीत दिसत होते. शेवटच्या हप्त्याची पावती आणि ना-हरकत दाखला जोडून मी तक्रार केली आणि नोंद दुरुस्त झाली. अशा तक्रारीसाठी अमेरिकेत साधारण ३० दिवसांची मुदत आहे. भारतातही ३० दिवसांची आहे आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. जुन्या पावत्या फेकू नका, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते.

किती दिवसांत सुधारणा होते?

दिवसांत होत नाही. नोंदी ताज्या व्हायलाच काही आठवडे जातात. कार्डावरची बाकी उतरवली तर दोन-तीन महिन्यांत थोडा फरक दिसतो. चुकलेल्या हप्त्यांचा डाग मात्र हळूहळू फिका होतो. अमेरिकेत उशिराच्या हप्त्याची नोंद अहवालात सात वर्षे राहते, ब्रिटनमध्ये थकबाकीची सहा वर्षे. डाग पूर्ण पुसला जायची वाट पाहावी लागते असे नाही, कारण जुन्या चुकीपेक्षा ताज्या चुकीचे वजन जास्त असते. सलग २४ महिने वेळेवर भरलेले दिसले की कर्ज देणाऱ्याची नजर बदलते. मला ५४७ वरून ६५० ओलांडायला दीड वर्ष लागले आणि ७५० पार व्हायला आणखी दोन वर्षे.

पैसे थोडे आणि देणी अनेक. आधी कुणाचे भरायचे?

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट : जी खाती अजून वेळेवर चालू आहेत ती तशीच चालू ठेवा. थकलेले भरण्याच्या घाईत चांगले खाते चुकवले तर जखमा वाढतात. सगळ्या चालू खात्यांचा किमान हप्ता बाजूला काढा आणि उरलेला पैसा एका वेळी एकाच खात्यावर लावा. गणिताने पाहिले तर ज्याचे व्याज सर्वांत जास्त ते आधी. ते बहुधा क्रेडिट कार्डच असते.

कार्डावर फक्त ‘किमान देय रक्कम’ भरत राहण्याचा सापळा आकड्यांत पाहा. बाकी ५०,००० आहे, व्याज महिना ३ टक्के आणि किमान भरणा ५ टक्के. पहिल्या महिन्यात तुम्ही २,५०० भरता. त्यातले १,५०० व्याजात जातात आणि मुद्दल उतरते फक्त १,०००. म्हणजे बाकी महिन्याला २ टक्क्यांनी कमी होते. या वेगाने, नवी एकही खरेदी न करता, ती निम्मी व्हायलाच ३४-३५ महिने लागतात. मी तेरा महिने हेच करत होते आणि आपण फेडतो आहोत असे मला प्रामाणिकपणे वाटत होते.

काही जण सर्वांत लहान कर्ज आधी संपवतात. व्याजाच्या दृष्टीने ते थोडे महाग पडते, पण एक खाते पूर्ण बंद झाल्याचा जो धीर येतो तो खरा असतो. मी दोन्ही केले. सर्वांत लहान देणे आधी संपवले, कारण मला तेव्हा एका तरी विजयाची गरज होती. त्यानंतर व्याजाच्या क्रमाने गेले. दर महिन्याला क्रम बदलत राहणे एवढे टाळा, त्यात कुठलेच खाते संपत नाही.

त्यासाठी जास्तीचे काम करावेच लागते का?

खर्च कापून भागत असेल तर नाही. माझे भागत नव्हते. घरभाडे, वडिलांची औषधे आणि प्रवास धरून जे उरायचे त्यात व्याजच जेमतेम निघायचे. म्हणून सकाळी ऑफिस, संध्याकाळी शिकवण्या आणि शनिवार-रविवारी भाषांतराची कामे असे मी दोन वर्षे चार महिने केले. सणासुदीला, लग्नकार्याला गेले नाही. मैत्रिणींनी काय ते ओळखले आणि बोलावणे कमी केले. याचे मला वाईट वाटले आणि अजून वाटते.

कष्टांबद्दल दोन गोष्टी अनुभवाने सांगते. जास्तीच्या कमाईसाठी वेगळे बचत खाते ठेवा आणि त्यातून फक्त कर्ज फेडा. रोजच्या खात्यात आलेला जास्तीचा पैसा रोजच्या खर्चात कसा विरघळतो ते कळतही नाही. दुसरे, ती कमाई रोख न घेता बँकेत घ्या आणि तिचा कर भरा. त्या वेळी ही उठाठेव वाटते. पण पुढे गाडीच्या कर्जासाठी अर्ज केला तेव्हा माझी ही जोडकमाई बँकेच्या नोंदींत आणि विवरणपत्रात दिसत होती, म्हणूनच ती उत्पन्नात धरली गेली.

आणि झोप सोडू नका. दुसऱ्या वर्षी मी सलग पाच आठवडे एकही सुटी न घेता काम केले आणि आजारी पडले. औषधोपचारात जे गेले ते त्या पाच आठवड्यांच्या जादा कमाईपेक्षा जास्त होते. त्यानंतर रविवार दुपार मी स्वतःसाठी राखून ठेवली.

कर्ज देणारा म्हणतो निम्मे भरा, मिटवून टाकू. घ्यावे का?

दुसरा मार्गच उरला नसेल तर घ्या, पण काय घेता आहात ते समजून घ्या. अशा तडजोडीनंतर खाते अहवालात ‘बंद’ असे न दिसता ‘सेटल्ड’ असे दिसते. पुढचा कर्ज देणारा त्याचा अर्थ ‘याने पूर्ण पैसे दिले नाहीत’ असाच लावतो.

मी एका कार्डाच्या बाबतीत ही तडजोड केली. फोनवरच्या माणसाने ‘तुमचे नाव साफ होईल’ असे सांगितले आणि मी लेखी काही मागितले नाही. वर्षभराने अहवालात तो शब्द दिसला. मग सोडलेली उरलेली रक्कमही भरून टाकली, पूर्ण भरल्याचा दाखला घेतला आणि नोंद ‘बंद’ करून घेतली. त्यात पाच महिने आणि असंख्य ईमेल गेले. म्हणून सांगते : शक्य असेल तर तडजोडीऐवजी हप्ते पुन्हा बांधून मागा, मुदत वाढवून मागा. आणि जे ठरेल ते पैसे देण्याआधी कागदावर घ्या.

वसुलीचे फोन सहन होत नाहीत. काय करू?

फोन उचला, एकदाच स्पष्ट बोला, आणि पुढचे बोलणे ईमेलवर करायला सांगा. फोन बंद करून बसल्याने कर्ज थांबत नाही आणि मनावरचे ओझे वाढते. तुमचे हक्कही आहेत. भारतात रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. अमेरिकेत वसुली संस्थांसाठी १९७७ च्या कायद्याने ही वेळ सकाळी ८ ते रात्री ९ अशी आहे. धमकी, शिवीगाळ, शेजाऱ्यांना किंवा नातेवाइकांना कर्जाबद्दल सांगणे हे दोन्हीकडे चालत नाही. तारीख, वेळ आणि बोलणे वहीत लिहून ठेवा, तक्रार करताना ती वही कामी येते.

पैसे देणे हे तुमच्यावर आहेच. पण देणेकरी झालात म्हणून तुमचा मान गहाण पडलेला नाही. हे मला कुणीतरी त्या वेळी सांगायला हवे होते.

फेडून झाले की कार्ड कापून टाकू का?

मोह आवरत नसेल तर खुशाल बंद करा. आवरत असेल तर सर्वांत जुने कार्ड ठेवा, विशेषतः वार्षिक शुल्क नसेल तर. कार्ड बंद केले की तुमची एकूण मर्यादा कमी होते आणि तेवढाच खर्च मर्यादेचा मोठा हिस्सा दिसू लागतो.

सगळे वेळेवर भरतो, तरी कार्डाचा वापर जास्त दिसतो. असे का?

कारण पतमाहिती संस्थेकडे जाते ती बहुधा बिल बनण्याच्या दिवशीची बाकी. मर्यादा ५०,००० असेल आणि बिलाच्या दिवशी ४५,००० बाकी असेल, तर तुम्ही पुढे सगळे वेळेवर भरले तरी अहवालात ९० टक्के वापर दिसतो. उपाय सोपा आहे : बिल बनण्याच्या दोन-तीन दिवस आधीच बरीचशी रक्कम भरून टाका. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असे सगळीकडे सांगतात. मी १० टक्क्यांच्या आसपास ठेवत असे.

मला कुणी कर्जच देत नाही. मग चांगली नोंद तयार होणार कशी?

मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड. तुम्ही बँकेत ठेव ठेवता, तिच्या तारणावर बँक तेवढ्याच किंवा थोड्या कमी मर्यादेचे कार्ड देते. स्कोअर खराब असला तरी ते बहुधा मिळते, कारण बँकेचा धोका जवळजवळ नाही. त्यावर महिन्याला एकच ठरावीक बिल भरा, जसे फोनचे, आणि पूर्ण रक्कम आपोआप कापली जाईल अशी सोय लावा. माझे असे कार्ड अगदी लहान मर्यादेचे होते. त्यावर सव्वातीन वर्षे फक्त वीजबिल आणि फोनबिल गेले. माझ्या अहवालातली सर्वांत सुंदर रांग त्या कार्डाची आहे, सगळी शून्ये.

पैसे घेऊन स्कोअर वाढवून देणारे लोक खरे असतात का?

खऱ्या नोंदी कुणीच पुसू शकत नाही. चुकीच्या नोंदी तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करून घेऊ शकता. अमेरिकेत तर काम पूर्ण होण्याआधी पैसे घेण्यावर १९९६ च्या कायद्याने बंदी आहे. तेवढे पैसे कर्जावर भरा.

मित्राला जामीन राहिलो होतो, त्याने हप्ते बुडवले. माझा स्कोअर का उतरला?

कारण जामीनदार म्हणजे ओळख करून देणारा माणूस नव्हे. सही केली त्या क्षणी ते देणे तुमचेही झाले. मित्राशी बोला, पण त्याच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. कर्ज देणाऱ्याकडे जाऊन खात्याची सद्यस्थिती लेखी घ्या आणि शक्य असेल तर थकलेले हप्ते भरून खाते रुळावर आणा. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती ठेवा, ती रक्कम मित्राकडून मागता येते. हे अन्यायकारक वाटते, ते मला समजते. माझ्या मावसभावावर हीच वेळ आली, आणि त्याचे व त्याच्या मित्राचे बोलणे आजही पूर्ववत झालेले नाही.

नवऱ्याचा स्कोअर खराब आहे. लग्नामुळे माझाही बिघडेल का?

लग्नाने बिघडत नाही. एकत्र कर्ज घेतलेत तर बिघडू शकतो. शक्य असेल तर चांगल्या स्कोअरच्या एकाच्याच नावावर कर्ज घ्या, अर्थात हप्ता त्या एकाच्या उत्पन्नातून झेपत असेल तर.

नवीच गाडी कशाला? जुनी घेतली असती तर?

प्रश्न रास्त आहे आणि पैशांच्या नजरेतून जुनी गाडी बहुतेक वेळा स्वस्त पडते. नवी गाडी पहिल्या एक-दोन वर्षांतच सर्वांत जास्त किंमत गमावते. तुमचे देणे अजून फिटले नसेल आणि कामासाठी गाडी लागतच असेल, तर तपासून घेतलेली जुनी गाडी घ्या.

मी नवी घेतली याची दोन कारणे. जुन्या गाडीच्या कर्जाला मला व्याज बरेच जास्त सांगितले जात होते. आणि दुसरे कारण मनातले आहे. इतकी वर्षे मी सगळे दुरुस्त करत होते. एक गोष्ट मला सुरुवातीपासून माझी, कुणाच्याही चुकीचा इतिहास नसलेली हवी होती. तोवर माझ्यावर एकही देणे उरले नव्हते आणि किमतीचा तिसरा हिस्सा हातात होता, म्हणून मी ते मागणे पूर्ण केले.

गाडीच्या कर्जासाठी तयार आहे हे कसे ओळखावे?

स्कोअर ७५० च्या वर असेल तर ३०० ते ९०० च्या मापावर सहसा चांगला दर मिळतो. पण माझ्या मते आकड्यापेक्षा खरी कसोटी वेगळी आहे. जो हप्ता येणार आहे तेवढी रक्कम अर्ज करण्याआधी सहा महिने दर महिन्याच्या त्याच तारखेला बाजूला टाकून पाहा. त्यात पेट्रोल, विमा आणि देखभालीचा अंदाजही धरा. एकदाही तो पैसा परत काढावा लागला नाही, तर तुम्ही तयार आहात. काढावा लागला तर लहान गाडी बघा किंवा थांबा. हा पैसा वाया जात नाही, तोच डाउन पेमेंट होतो. मी नऊ महिने केले. तिसऱ्या महिन्यात मोडले होते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजले.

एक प्रचलित ठोकताळाही आहे : किमान २० टक्के स्वतःचे, मुदत चार वर्षांपेक्षा जास्त नाही आणि गाडीचा एकूण मासिक खर्च उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या आत. शेवटची अट कडक आहे. मी १३ टक्क्यांवर होते, पहिल्या दोन पाळल्या.

व्याजदरातल्या दोन-चार टक्क्यांनी असा काय फरक पडतो?

एक लाख, पाच वर्षे. ९ टक्क्यांनी हप्ता २,०७६ आणि एकूण व्याज सुमारे २४,५५०. १५ टक्क्यांनी हप्ता २,३७९ आणि व्याज सुमारे ४२,७४०. हप्त्यात फक्त ३०३ चा फरक दिसतो, पण पाच वर्षांत तो लाखामागे १८,००० च्या वर जातो. खराब स्कोअरची किंमत ही अशी असते. स्कोअर सुधारण्यासाठी एक वर्ष थांबणे म्हणजे तेवढे पैसे कमावणेच.

आणखी एक प्रश्न नक्की विचारा : दर घटत्या मुद्दलावर आहे की ‘फ्लॅट’? ९ टक्के फ्लॅट म्हणजे पाचही वर्षे पूर्ण लाखावर व्याज, म्हणजे ४५,०००. हप्ता होतो २,४१७. घटत्या मुद्दलाच्या भाषेत हा दर जवळपास १५.७ टक्के आहे. मला एका ठिकाणी फ्लॅट दर सांगून ‘सर्वांत स्वस्त’ म्हणून विकायचा प्रयत्न झाला होता. मी कागदावर एकूण परतफेड लिहून मागितली आणि तेवढ्यावरच ती चर्चा संपली. दोन प्रस्तावांची तुलना करताना नेहमी एकूण किती परत द्यायचे तेच विचारा.

मुदत सात वर्षे घेतली तर हप्ता किती हलका होतो! का घेऊ नये?

९ टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता लाखामागे १,६०९ येतो, हे खरे. पण व्याज २४,५५० चे ३५,१५० होते. त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. समजा गाडीची पूर्ण किंमत एक लाख कर्जातून भरली, आणि दोन वर्षांत तिची बाजारातली किंमत ३० टक्क्यांनी घसरून ७०,००० झाली. सात वर्षांच्या कर्जात तोवर ७७,५०० देणे बाकीच असते. नोकरी गेली, गाडी विकावी लागली, तर गाडी जाऊनही खिशातून ७,५०० भरावे लागतील. एकदा थकीत झालेल्या माणसाने पुन्हा या जागी उभे राहू नये. हेच २० टक्के स्वतःचे भरून आणि चार वर्षांची मुदत घेऊन केले, तर दोन वर्षांनी बाकी सुमारे ४३,५०० असते. वेळ आलीच तर गाडी विकून कर्ज फिटते आणि हातात काही उरतेही.

चार ठिकाणी दर विचारले तर स्कोअर उतरतो म्हणतात.

नुसता दर विचारल्याने उतरत नाही, अर्जावर कर्ज देणाऱ्याने तुमचा अहवाल मागवला की थोडा उतरतो. अमेरिकेतल्या फायको सूत्रात गाडीच्या कर्जासाठी १४ ते ४५ दिवसांच्या आत केलेल्या अनेक चौकश्या एकच धरल्या जातात, दिवसांची संख्या सूत्राच्या आवृत्तीवर ठरते. सगळीकडे अशी सवलत असेलच असे नाही. म्हणून आधी तोंडी आणि संकेतस्थळावर दर पाहा, दोनच जागा निवडा आणि थोड्या दिवसांच्या आत अर्ज करा. शोरूममध्ये जाण्यापूर्वी स्वतःच्या बँकेची मंजुरी खिशात असेल तर तिथल्या कर्जाच्या प्रस्तावाशी शांतपणे तुलना करता येते.

ताबा घेताना काय बघायचे?

दिवसा जा, उजेडात. चासी क्रमांक १७ अक्षरे-आकड्यांचा असतो, तो गाडीवरचा आणि कागदावरचा जुळतो का पाहा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. गाडी नवी आणि टायर दीड वर्षापूर्वीचे असतील तर गाडी कुठेतरी बराच काळ उभी होती. अंतर मोजणारा काटा पाहा. विमा आणि जोडसामान तिथूनच घेण्याची सक्ती आहे का, हे लेखी विचारा. माझ्या बिलात मी न मागितलेल्या तीन गोष्टी होत्या. शांतपणे काढायला सांगितल्या आणि त्या काढल्या गेल्या.

गाडी घेतल्यावर एखादा हप्ता चुकणार असे दिसले तर?

चुकण्याआधी कळवा. थकल्यानंतर केलेल्या फोनला आणि थकण्याआधी केलेल्या फोनला मिळणारे उत्तर वेगळे असते, हे मी दोन्ही करून पाहिले आहे. मी तीन हप्त्यांएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली आहे आणि हप्त्याची तारीख पगारानंतर पाच दिवसांनी घेतली आहे.

कर्ज लवकर फेडता येते का? फिटल्यावर काय करायचे?

येते आणि सुरुवातीला फेडणे जास्त फायद्याचे, कारण पहिल्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. ९ टक्के, पाच वर्षांच्या २,०७६ च्या पहिल्या हप्त्यात ७५० व्याजच असते. मुदतीआधी फेडण्यावर शुल्क आहे का, ते करारात सही करण्यापूर्वी वाचा.

फिटल्यावर तीन कामे राहतात आणि बरेच जण ती विसरतात. कर्ज देणाऱ्याकडून ना-हरकत दाखला घ्या. गाडीच्या नोंदणीवरचा नजरगहाणाचा बोजा, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या हक्काची नोंद, उतरवून घ्या, नाहीतर पुढे विकताना अडेल. आणि दोन महिन्यांनी अहवाल मागवून ते खाते ‘बंद’ दिसते याची खात्री करा. माझ्या कर्जाचे अजून ३१ हप्ते बाकी आहेत. दाखल्यासाठी कोरी फाइल आणून ठेवली आहे, ती गाडीच्या कागदांच्या कप्प्यातच आहे.